बाळं घरी आणणारी टॅक्सी

मखमलच्या टॅक्सीत पहिल्यांदा बसणारा माणूस आधी दचकायचा. टेकलो म्हणावं तर अंग आणखी खाली जायचं, तिथून आणखी खाली, आणि गुडघे हनुवटीशी आले की त्याला कळायचं, बुडाखाली सीट नाही, उशी आहे, आणि त्या उशीखाली दुसरी उशी आहे. पाठीला उशी, कोपराला उशी, दाराच्या वरच्या कडेला डोकं आपटू नये म्हणून तिथेही टांगलेली एक चिमुकली उशी. सगळ्या मखमलीच्या आणि सगळ्या बायकोच्या हातच्या. या गाडीमुळेच त्याला मखमल हे नाव पडलं. खरं नाव लायसन्सवर होतं, पण बायको ‘अहो’ म्हणायची आणि बाकी सगळे ‘मखमल’, त्यामुळे ते वापरायची वेळ कुणावर येतच नसे.

त्याचा थांबा प्रसूती रुग्णालयाच्या फाटकाशी होता. बाकीचे टॅक्सीवाले गिऱ्हाईक मिळेल तिकडे पळायचे, हा मात्र तिथून हलायचा नाही. आई आणि तान्हं बाळ पायऱ्या उतरताना दिसलं, की तो इतरांकडे अशा नजरेने बघायचा, की आपोआप वाट मोकळी व्हायची. मग त्याचा सोहळा सुरू. आईला मागे बसवायचं, तिच्या मांडीवर खास बाळउशी ठेवायची, मधोमध खोलगट, बाहेरून लालभडक. तिच्यावर बाळ. बाळाच्या दोन्ही बाजूंना आणखी उशा खोचायच्या. पुढे बसून आरशातून एकदा बघायचं आणि म्हणायचं, “हं! आता कसं लोण्यात ठेवल्यासारखं!”

आणि गाडी चालवायची ती इतकी हळू, की मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. एकदा तर एक सायकलवाला काचेशी येऊन कळवळून म्हणाला होता, “काका, बंद पडली का? ढकलू का जरा?”

मखमलला याचं काही वाटायचं नाही. उलट अभिमानच होता. त्या भागातली निम्मी पोरं त्याच्या उशीवरून घरी गेली होती, असा त्याचा हिशेब होता, आणि तो हिशेब तो कुणालाही ऐकवायचा. मिशी फुटलेला एखादा मुलगा मित्रांबरोबर ऐटीत चालला असला, की हा गाडी थांबवून हाक मारणार, “काय रे, ओळखलंस का? माझ्या उशीवरनं घरी आलास तू! एवढासा होतास, वाटाण्याएवढा!” मुलगा कानापर्यंत लाल व्हायचा आणि मित्र पुढचा महिनाभर त्याला वाटाणा म्हणायचे.

हे उशांचं वेड आलं कुठून, तेही सांगायला हवं. मखमलचा मुलगा जन्मला तेव्हा मखमलकडे टॅक्सी नव्हती. तो लाकडाच्या वखारीचा टेम्पो चालवायचा, आणि बायकोला आणि बाळाला त्याने त्याच टेम्पोतून घरी आणलं होतं. पुढच्या बाकाची एक स्प्रिंग तुटलेली, रस्ता खड्ड्यांचा. बायको वाटेत एक शब्द बोलली नाही. पण प्रत्येक खड्ड्याला तिने दात आवळून घेतलेला श्वास त्याला ऐकू येत होता, आणि तो त्याच्या कानात कायमचा राहिला. पुढे टॅक्सी घेतली, तेव्हा तिच्यात पेट्रोल पडायच्या आधी पहिली उशी पडली.

बायको सोफ्याची कव्हरं शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. उरलेल्या मखमलीच्या चिंध्या ती घरी आणायची आणि चिंधी दिसली की तिच्या हाताला खाज सुटायची. त्यांच्या घरात काही पडलं तरी आवाज येत नसे, कारण पडायला उशीशिवाय जागाच नव्हती. पाहुणा आला की त्याला बसवायला आधी खुर्ची शोधावी लागायची. दोघा नवरा-बायकोचं सगळं प्रेम असं कापसात भरलेलं होतं, आणि कुणाला काही द्यायचं म्हटलं की त्यांना दुसरं काही सुचायचंच नाही.

आता त्यांच्या घरात बाळ येणार होतं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. गप्प, नीटनेटका, प्रत्येक गोष्ट दोनदा ओढून बघणारा. सून पोहायला शिकवायची. दिवसभर तलावाच्या काठावरून ओरडून तिचा आवाज असा खणखणीत झाला होता, की घरात तिने मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन येईल असं वाटायचं. एक दिवस चहा पिताना मात्र ती हळू बोलली, आणि तिथेच मखमलने कान टवकारले.

“बाबा, रागावणार नाही ना?”

“रागवायला काय झालं? बोल की.”

“बाळाला रुग्णालयातून घरी आणायला आम्ही दुसरी गाडी सांगितली आहे.”

बायकोच्या हातातली सुई तिथेच थांबली. मुलगा चहाच्या कपात टक लावून बघायला लागला, जणू कपातच काहीतरी बिघाड होता आणि तो त्यालाच काढायचा होता.

“दुसरी म्हणजे?” मखमल म्हणाला. “माझ्या गाडीला काय झालं?”

“त्या गाडीत बाळाची सीट असते, बाबा. मागे तोंड करून बसवतात ती, पट्ट्यांची. आमचा वर्ग झाला ना रुग्णालयात, तिथे सिस्टरनी सांगितलं. बाळाला मांडीवर घेऊन जायचं नाही. आणि उशी तर गाडीत नकोच, पाळण्यातही नको.”

“निम्म्या शहराची पोरं मी घरी पोचवली,” मखमलचा आवाज चढला, “आणि माझं स्वतःचं नातवंड परक्याच्या गाडीतून येणार? मी काय फाटकाशी उभा राहून हात हलवू?”

“बाबा, तुमच्या गाडीला आम्ही नाही म्हणत नाही.” सुनेचे डोळे भरले होते. “मला तर तुमच्याच गाडीतून यायचंय. सीट बसवा, सिस्टरना दाखवा. त्यांनी हो म्हटलं की झालं.”

“म्हणजे या वयात माझी परीक्षा?”

“त्या सगळ्यांचीच घेतात,” मुलगा कपातूनच म्हणाला.

मखमलने चहा अर्धा टाकला. आयुष्यात त्याने चहा कधी अर्धा टाकला नव्हता.

सकाळ झाली तशी ती लालभडक बाळउशी काखेत मारून तो सिस्टरपुढे हजर झाला. या सिस्टर उंचीने बेताच्याच, पण समोरून येताना दिसल्या की डॉक्टरसुद्धा शर्टाची बटणं चाचपायचे. मखमलला त्या बरीच वर्षं ओळखत होत्या, फाटकावरून हात करण्यापुरतं.

“सिस्टर,” तो म्हणाला, “या उशीत वाईट काय आहे, ते मला तोंडावर सांगा.”

सिस्टर उठल्या. त्यांनी कपाटातून वर्गातली बाहुली काढली. बाहुलीच्या डोक्यात वाळू भरलेली होती आणि मान होती नुसती कापडाची. त्यांनी तिला मखमलच्या उशीवर ठेवलं, अगदी तो ठेवायचा तसं, अर्धवट बसतं. उशी दबली, डोकं पुढे कलंडलं आणि हनुवटी छातीला टेकली.

“बघा,” सिस्टर म्हणाल्या. “श्वासाची नळी इथे मुडपली. तुमचं आमचं असं झालं तर आपण मान वर करतो, तोंड उशीत गेलं तर वळवतो. याला यातलं काही येत नाही. ते रडत नाही, धडपडत नाही, फक्त गप्प होतं. आणि आपण बघून म्हणतो, किती छान झोपलंय!”

हे शेवटचं वाक्य मखमलचं स्वतःचं होतं. आरशात बघून त्याने ते किती वेळा म्हटलं होतं! एक आई तर त्याला लख्ख आठवली. दमून डोळा लागला होता बिचारीचा, आणि बाळ उशीत असंच मुडपून रुतलं होतं, अगदी शांत. त्याने गाडी आणखी हळू केली होती, झोपमोड होऊ नये म्हणून. त्या बाळाला काही झालं नव्हतं. पुढे त्याला शाळेत जाताना मखमलने पाहिलं होतं. पण काही झालं नाही यात आपली हुशारी मुळीच नव्हती, हे त्याला आत्ता कळलं. तो खुर्चीवर बसला.

“पण मी इतकं हळू चालवतो, सिस्टर,” तो कसाबसा म्हणाला.

“तुम्ही हळू चालवता हो. तुमच्या मागचा?”

मागच्यांचे हॉर्न त्याने आयुष्यभर ऐकले होते.

“आणि घरी?” त्याने विचारलं.

“घरी टणक, सपाट गादी. चादर ताणून घातलेली. बाळ पाठीवर. उशी नाही, लोड नाही, पाळण्याला आतून लावायच्या मऊ झालरी नाहीत, निदान पहिलं वर्षभर तरी नाहीत. आणि लोक मोठ्या पलंगावर उशांचं कुंपण करून मध्ये बाळ ठेवतात ना, तेही नको. परगावी गेलं की हमखास करतात. ते कुंपणच बाळाच्या तोंडावर येतं.”

“मग उशी करायची काय?” हे त्याने इतक्या केविलवाण्या आवाजात विचारलं, की सिस्टरना हसू आलं.

“आईला द्या की! बाळाला पाजताना तिच्या पाठीला लावा, हाताखाली घ्या. पाजून झालं, झोप यायला लागली, की उशी बाजूला आणि बाळ पाळण्यात. उशी जागेपणीची, मखमल. झोपेला मोकळी जागा. आणि सीटचंही तेच. सीट गाडीपुरती. घरी पोचलं की बाळ तिच्यातून काढायचं, लांब जायचं असलं तर वाटेत थांबून काढायचं.”

मखमल बाहेर आला तो विचार करतच. टेम्पोच्या बाकावर दात आवळून बसलेली बायको त्याला आठवली. तेव्हा बाळाला काही दुखत नव्हतं, ते तर झोपेत होतं. दुखत होतं ते हिला. उशी तिच्यासाठी हवी होती, आणि एवढ्या वर्षांत त्याने ती भलत्याच माणसाला दिली होती.

मग गाडीतल्या मागच्या उशा उतरल्या. पट्ट्याचं बकल शोधायला त्याला सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घालावा लागला. बकलाआधी एक कंगवा निघाला, एक चष्म्याची काडी, आणि अंगठ्याएवढा एक पायमोजा, ज्याचा मालक आता मोठा होऊन नोकरीलाही लागला असणार. मुलाने सीट आणून दिली. ती बसवायचा सराव करायचा तर आत काहीतरी हवं, म्हणून मखमलने बाळाएवढ्या वजनाचा भोपळा आणला, त्याला टोपी घातली आणि पट्ट्यांत आवळला. रोज थांब्यावर हाच उद्योग. भोपळा काढायचा, सीट काढायची, सीट बसवायची, भोपळा बसवायचा, मग पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत आला तर सैल.

एक बाई गाडीत बसल्या आणि शेजारी बघून आधी हसल्या, मग नीट बघून गप्प झाल्या. “हे काय?” त्यांनी विचारलं.

“नातवंड,” मखमल म्हणाला. “म्हणजे, यायचंय अजून.”

बाई पुढच्याच चौकात उतरल्या.

जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली. एका वजनदार गृहस्थाने तर गाडी विकली का म्हणून विचारलं. मखमलने त्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि त्याच्या कमरेला एक उशी दिली. या सगळ्यात त्याला मजा यायला लागली होती. नवीन काही शिकायला मिळून त्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. सीटच्या बाजूला एक रेघ होती, ती जमिनीशी बरोबर आडवी आली की सीटचा कल जमला. ती रेघ पहिल्या फटक्यात जमली त्या दिवशी त्याने थांब्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला.

गाडं अडलं होतं ते बायकोपाशी.

“माझ्या उशीने कुणाचं वाईट झालं आजवर?” तिने विचारलं होतं.

मखमलने समजावलं. पण त्याला समजावता कुठे येत होतं! त्याने वाळूची बाहुली, श्वासाची नळी आणि मागचा ड्रायव्हर यांचा असा काही काला केला, की शेवटी त्यालाच काही कळेना. बायको ऐकून म्हणाली, “बघू.” त्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होता, हे मखमलला चांगलं ठाऊक होतं, पण नातवंडाच्या आनंदात तो ते विसरला.

आणि नातवंड आलं ते ठरल्या दिवसाच्या आधीच आलं. मुलाचा फोन आला तेव्हा मखमल थांब्यावर भोपळ्याचे पट्टे आवळत होता. “बाबा, मुलगी झाली. दोघीही छान आहेत.” मखमल ओरडला, “मुलगी झाली!” आणि समोर दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्याने भोपळ्यालाच मिठी मारली. सिस्टरना सीट दाखवायची राहूनच गेली होती.

घरी न्यायच्या दिवशी मखमल नवा शर्ट घालून, गाडी धुऊन-पुसून फाटकाशी आला. बायको पुढच्या सीटवर ताठ बसलेली. सीट त्याने सकाळीच बसवली होती, रेघ जमवली होती. पण फाटकाशी आणखी एक गाडी उभी होती, पांढरी, चकचकीत. मुलाने ती रद्द केली नव्हती. प्रत्येक गोष्ट दोनदा ओढून बघणारा मुलगा तो. त्याला दोष तरी कसा द्यावा? मखमलने त्या गाडीकडे न बघायचं ठरवलं आणि सारखा तिकडेच बघत राहिला.

सून बाळाला घेऊन पायऱ्या उतरली. सोबत सिस्टर.

“आधी सीट बघते,” त्या म्हणाल्या आणि वाकून त्यांनी सीट धरून हलवली.

सीट डुलली. चांगली इकडून तिकडे डुलली. मखमलचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सकाळी तर ती खिळ्यासारखी घट्ट होती! सिस्टरनी सीटखाली हात घातला आणि एक सपाट, जांभळी मखमली गादी ओढून काढली. मग बाळाच्या डोक्याच्या जागेवरून एक नालाच्या आकाराची उशी काढली. मग पट्ट्यांवरून दोन मऊ मऊ खोळी सरकवून काढल्या. जत्रेतल्या जादूगारासारखं एकेक बाहेर येत होतं आणि मखमल तोंड उघडं टाकून बघत होता.

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको रुग्णालयाची पाटी वाचत होती, जणू आजच वाचायला शिकली होती.

“अगं!”

“तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा बसवलं,” ती पाटीकडे बघतच म्हणाली. “टणक होती हो फार. हात लावून बघितलं मी. आपलं एवढंसं लेकरू त्या दगडावर कसं बसवायचं?”

“मखमल, ही अशी चालणार नाही,” सिस्टर म्हणाल्या. ओरडून नाही, पण त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. पलीकडे पांढऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. मुलाने सामानाची पिशवी उचलली आणि दोन्ही गाड्यांच्या मध्ये येऊन तो उभा राहिला.

मखमलला रडू कोसळायचंच बाकी होतं. इतका सराव, इतकी हौस, आणि शेवटी आपण फाटकाशी हात हलवणार. बायकोवर रागवावं तर तिचा राग येत नव्हता; तिने जे केलं ते त्याने आयुष्यभर केलं होतं.

“सिस्टर, मला परत बसवू द्या. एवढं एकदा.”

सिस्टरनी सुनेकडे पाहिलं. सून टाक्यांनी अवघडलेली, पाय दुखत असलेली, बाळ उराशी धरलेली. तिने श्वास घेतला आणि तलावाच्या काठावरचा तिचा आवाज लावला.

“बसवा, बाबा! आम्ही थांबतो!”

फाटकावरचा पहारेकरी उगाचच सावधान उभा राहिला.

मखमलने सीट बाहेर काढली. मागच्या बाकावर हात फिरवून बघितला. साधा, सपाट, काही शिल्लक नाही. सीट ठेवली. पट्टा ओवला, बकल लावलं, सीटमध्ये गुडघा रोवून सगळं वजन टाकलं आणि पट्टा ओढला, ओढला, आणि आणखी ओढला. नव्या शर्टाची शिवण काखेत उसवली. रेघ बघितली. आडवी. मग घाम पुसत तो बाजूला झाला.

सिस्टरनी दोन्ही हातांनी सीट धरली आणि हिसका दिला. अख्खी टॅक्सी हलली, पुढे बसलेली बायकोही हलली, सीट हलली नाही.

“हं,” सिस्टर म्हणाल्या. “पट्टे तुम्हीच लावा.”

सुनेने बाळाला सीटमध्ये ठेवलं. मखमलने आजवर एवढी बाळं नेली, पण एकाही बाळाला स्वतःच्या हाताने असं जपून बांधलं नव्हतं. खांद्यावरून पट्टे, मधलं बकल, चिमटीत धरून बघितलं, चिमटीत येईना. हनुवटी वर. पाठ सीटला टेकलेली. पातळ पांघरूण पट्ट्यांच्या वरून, त्यांच्या खालून नाही. नातीने एक डोळा उघडून त्याच्याकडे असं पाहिलं, की हा कोण म्हातारा? मखमलला ते पाहणं इतकं आवडलं, की सिस्टरना त्याला दार लावायची आठवण करून द्यावी लागली. मुलाने पांढऱ्या गाडीवाल्याला त्याचं भाडं देऊन वाटेला लावलं.

बायको तशीच बसून होती. मांडीवर ती काढलेली गादी, नालाची उशी आणि दोन खोळी. आता ती पाटी वाचत नव्हती. तिला पाटी दिसतच नव्हती. तेवढ्यात सून मागे बाळाशेजारी बसायला गेली आणि बसताना तिच्या तोंडून “आई गं” निघालं.

“आई,” ती म्हणाली, “ती जांभळी उशी द्या ना इकडे. कंबर मोडली माझी.”

सासूने मागे वळून ती दिली. सुनेने कमरेमागे सरकवली, टेकली आणि डोळे मिटून म्हणाली, “अगं बाई, काय बरं वाटतंय! आणखी आहे का?”

“आणखी?” सासू एकदम रडत हसली, की हसत रडली, ते तिलाही कळलं नाही. “अगं घरी तर चल, दाखवते तुला आणखी!”

मखमलने गाडी काढली आणि सगळ्यांसारखी चालवली, ना फार हळू, ना फार जोरात. पहिला चौक येतो न येतो तोच नातीने सूर लावला. आवाज आईवर गेला होता, यात शंकाच नको. सिग्नलला शेजारच्या गाड्यांनी काचा वर केल्या. मखमलला मात्र त्या रडण्याने इतका धीर आला, की तो ओरडून म्हणाला, “रड बेटा, रड! छान रडतेस!” एका वळणावर सूर बंद झाला, तशी त्याने बाजूला गाडी उभी केली आणि मागे वळला. हनुवटी वर होती. श्वास चालू होता. नात नुसती झोपली होती. तो पुढे निघाला.

घराशी शेजारीण वाट बघतच होती. तिने आत डोकावून हात ओठांवर नेला. “किती गोड झोपलीय! उठवू नका हो. सीटसकट न्या आत, राहू दे तशीच.”

मखमलचाही जीव तेच म्हणत होता. झोपलेल्या बाळाला हात लावायचा म्हणजे काय! पण त्याने बकल उघडलं. “सीट गाडीची,” तो म्हणाला. “झोपायला पाळणा आहे तिचा.” आणि त्याने नातीला सुनेच्या हातात दिलं.

पाळण्याची खोली बायकोने स्वतः सजवली होती आणि कुणाला बघू दिली नव्हती. सगळे दारातच थबकले. पाळण्यात बाळ सोडून सगळं होतं. उशाशी पाकळ्यांची उशी, पायथ्याशी चांदणीची, दोन्ही बाजूंना लोड, कडेने झालर, मध्ये कापूस भरलेला एक ससा. एवढं शिवायला किती दिवस लागले असतील, ते तिच्या बोटांनाच ठाऊक. मुलाने मखमलकडे पाहिलं. मखमलने जमिनीकडे पाहिलं. सिस्टरपुढे उभं राहणं याहून सोपं होतं.

पण सांगायची वेळच आली नाही. बायको पुढे झाली. तिने ससा काढला. लोड काढले. झालरीच्या गाठी तिने स्वतःच मारल्या होत्या, त्या सोडवल्या. चांदणी काढली. प्रत्येक वस्तू ती सुनेच्या आरामखुर्चीवर नेऊन ठेवत होती आणि खुर्ची भरत चालली होती. पाकळ्यांची उशी काढताना तिचा हात थांबला. तिने ती क्षणभर गालाला लावली, मग तीही खुर्चीवर ठेवली आणि परत येऊन चादर चारी कोपऱ्यांनी ताणली, इतकी, की एक सुरकुती राहिली नाही.

“उघडाबोडका दिसतोय हो,” ती म्हणाली. “ठेव तिला.”

सुनेने बाळाला पाठीवर ठेवलं. नात चुळबुळली, तोंड वाकडं केलं, आणि मग दोन्ही हात डोक्याच्या बाजूंना टाकून तिने असं अंग ताणलं, की जणू तिच्या बापाचा बंगला आहे. एक लाथही मारली. मग शांत झोपली.

“अहो,” बायको कुजबुजली, “एवढीशी आहे, पण जागा बघा किती लागते तिला!”

सून खुर्चीवर त्या सगळ्या ढिगात जाऊन बसली आणि बसली म्हणता म्हणता नाहीशी झाली. बाहेर राहिलं नुसतं तिचं समाधानी तोंड. “आई,” ती म्हणाली, “मी इथून आता उठणारच नाही.” सासूने तिच्या मानेमागे आणखी एक खोचली आणि खुर्चीच्या हाताशी कौतुकाने उभी राहिली.

मखमल दारातच होता. आपण आता इथे काय करायचं, हे त्याला समजत नव्हतं.

“बाबा,” सून डोळे मिटूनच म्हणाली, “पुढच्या महिन्यात माझ्या आईकडे जायचंय. लांबचा रस्ता आहे. हिला वाटेत थांबून थांबून सीटमधून काढावं लागेल, दुसरा कुणी ड्रायव्हर वैतागेल. तुम्ही न्याल का?”

“थांबू की,” मखमल म्हणाला. “म्हणशील तिथे थांबू.”

बाहेरच्या खोलीत मुलगा फोनवर हळू आवाजात कुणाला तरी सांगत होता, की पुढच्या महिन्याची ती गाडी आता नको, आमची आहे. मखमलने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. मग टॅक्सीची काच पुसून येतो म्हणून तो खाली गेला, आणि स्वच्छ काच पुसत बराच वेळ एकटाच हसत उभा राहिला.